एकवीस किलोमीटर

"डावा पाय नीट टेक," नवरा मागून म्हणाला. "पुन्हा लंगडायला लागलीस."

ती पळत राहिली. कालव्याकाठच्या रस्त्यावर धुकं बसलं होतं. तिच्यामागे दहा पावलांवर त्याच्या सायकलची साखळी कुरकुरत होती. ती थांबली की साखळीही थांबायची.

"किती झालं?" तिने धापा टाकत विचारलं.

"साडेचार. या चालीने तुला एकवीसला सव्वातीन तास लागतील." त्याने खिशातून वही काढून आकडा टिपला. "पाय मोडायच्या आधी काय पळायचीस! वाऱ्यासारखी."

"तेव्हाचं तेव्हा," ती म्हणाली.

अडीच वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली होती. डाव्या पावलाची तीन हाडं मोडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आत पट्टी बसली, स्क्रू बसले. त्या काळात नवऱ्याने तिचं जे केलं ते सगळ्या इमारतीने पाहिलं. उचलून खाली न्यायचा, उचलून वर आणायचा, स्वतःच्या हाताने भरवायचा. हॉस्पिटलात तर तिचं प्लास्टरमधलं पाऊल धरून तो लहान पोरासारखा रडला होता.

"नशीब काढलंस हो," शेजारीण म्हणायची. "आमचे हे तापात साधं पाणी विचारत नाहीत."

"हो ना," ती म्हणायची.

ती कवळ्या बनवायच्या कामावर होती. दिवसभर परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे, मेणाचा वास आणि नाकातोंडात जाणारी प्लास्टरची पांढरी धूळ. पूर्वी ती उभ्याने काम करायची, आता स्टुलावर बसून. पाचच्या ठोक्याला नवरा दारात हजर. पाच मिनिटं उशीर झाला तर आत यायचा.

"घड्याळं लावून घ्या गं, साहेब आले," मैत्रिणी हसायच्या. तीही हसायची.

पुन्हा पळायचं तिनेच काढलं. तो आधी नाहीच म्हणाला. मग दोन दिवसांनी सायकल घेऊन आला. "चल, मीही येतो. एकटी कुठे पडलीस-बिडलीस तर?" पळताना पडायला नको म्हणून तिचा फोनही त्याच्याच खिशात असायचा.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. बायकांच्या खोलीत पुरुषांना प्रवेश नव्हता, म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसायचा. आत पळायचं मशीन होतं. डॉक्टरीणबाई त्याचा वेग वाढवत न्यायच्या आणि ती ओठ आवळून पळत राहायची.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"थांबवू?"

"नको."

एकदा बाई मशीनवरचा आकडा बघून म्हणाल्या, "इथे इतकं सुरेख पळता. मग तुमचे मिस्टर मला दाखवतात त्या वहीत हे असं काय?"

"बाहेर थंडी असते," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून दाराची कडी लावली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्या दिवशी बाहेर यायला जरा उशीरच झाला.

एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचे नियम नवऱ्याने जेवताना वाचून दाखवले. "सायकल चालणार नाही म्हणे. रस्तेच बंद ठेवणार आहेत."

तिने घास खाली ठेवला. "मग जाऊ दे. तुम्ही नसाल तर माझं कसं व्हायचं?"

"वेडी आहेस का?" तो खूश होऊन हसला. "पळ तू. मी शेवटच्या रेषेवर उभा आहे ना! आणि बाराव्या किलोमीटरला तुझ्या डॉक्टरीणबाईंचं टेबल असणार आहे. पाय दुखला तर तिथे बस, त्या मला फोन करतील." मग म्हणाला, "छकुलीलाही बोलावून घेऊ मावशीकडून. आईला पळताना बघेल."

"नको. एवढ्या गर्दीत रडेल ती. सुट्टी संपली की येईलच."

नऊ वर्षांची छकुली आठवडाभर मावशीकडे होती. तिच्याशिवाय घर ओकंबोकं वाटत होतं.

शर्यतीच्या सकाळी आभाळ राखेसारखं होतं. नवऱ्याने गुडघ्यावर बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या.

"घट्ट झाल्यात," ती म्हणाली.

"घट्टच हव्यात."

पिस्तुलाचा बार झाला. वळणापर्यंत तो कठड्याच्या पलीकडून तिच्या बरोबरीने चालत होता, ओरडून सूचना देत होता. ती लंगडत होती. वळण आलं, कठडा संपला, तो मागे राहिला.

आणि तिने पाऊल लांब टाकलं.

सहाव्या किलोमीटरला कळ गुडघ्यापर्यंत चढली. आठव्याला डोळ्यांत पाणी आलं. पण पाय ऐकत होता. अडीच वर्षांत पहिल्यांदा तो तिचा पाय होता. आपल्यापुढच्या माणसांना ती एकेक करून मागे टाकत गेली. तरी दोनदा तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे फक्त पळणारी माणसं होती.

बाराव्या किलोमीटरला डॉक्टरीणबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. ती थांबली. पाय गेला बिचारीचा, असंच कुणालाही वाटलं असतं. बाईंनी तिला खांद्याचा आधार दिला आणि टेबलामागच्या गल्लीत नेलं. तिथे तिची बहीण गाडी सुरू ठेवून बसली होती.

"हे पाकीट सांभाळा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "एक्स-रे आहेत आत. जिन्यावरून पडून हाडं अशी चेचली जात नाहीत, हेही मी सहीनिशी लिहून दिलंय."

ती मागच्या सीटवर शिरली. छकुली तिच्या कुशीत घुसली. मग मान वर करून तिने मागच्या काचेतून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई," ती कुजबुजली, "बाबा येत नाहीयेत ना?"