एका शाईतलं पान

ते २०१७ साल. लोणावळ्यात सविताबाईंच्या टाइपसेटिंगच्या दुकानात सुषमा मॅडम आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. कॉलेजच्या मुलांसाठी त्यांनी मराठीतून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक लिहिलं होतं. त्यातल्या प्रोग्रॅमना रंग द्यायचं काम दुकानातल्या करणकडे होतं. कॉम्प्युटरला दिलेले हुकूम लाल, समजावणीच्या ओळी हिरव्या, अवतरणातला मजकूर निळा.

"प्रकाशक म्हणतात, एकाच शाईत छापू," मॅडम म्हणाल्या. "सगळंच काळं झाल्यावर पोरांना हुकूम कुठला आणि समजावणी कुठली, कळायचं कसं?"

करण पडद्यावरची पानं खालीवर करत राहिला. तो औंढ्याचा. डोळ्यांच्या तपासणीत त्याची रेल्वेची नोकरी हुकली होती; दुकानात त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. इथे रंगांची नावं टाइप करावी लागत, रंग ओळखावे लागत नसत. म्हणून आजवर निभावलं होतं.

"काळ्यात एक पान काढ रे," सविताबाई म्हणाल्या.

मॅडमनी पान खिडकीपाशी नेलं. हुकूम ठळक होते. समजावणीच्या ओळी तिरक्या. अवतरणातल्या मजकुरामागे फिकट करडी पट्टी. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी वेगळी दिसत होती.

"हे आत्ता केलंस?"

"न्हाई. पैल्यापास्नं हाय. रंगामुळं कुणाचं ध्यान गेलं न्हाई."

"पण तुला सांगितलं कुणी?"

करणने माऊसवरचा हात काढला. "मला लाल न् हिरवं सारखंच दिसतं, मॅडम. माझं मलाच तपासता यावं म्हणून केलतं." मग सविताबाईंकडे न बघता म्हणाला, "मावशी, उद्यापास्नं येऊ नको म्हणालात तरी चालंल."

"का रे? पहिल्याच दिवशी भज्यांसाठी हिरव्या मिरच्या आण म्हटलं, तर लालभडक घेऊन आलास. वर म्हणतोस, कवळ्या हायेत. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला न्हाईत ते?"

"काय बोलायचं? भजी चांगली झाली होती."

मॅडम अजून पानच बघत होत्या. "सगळं पुस्तक असंच जाऊ दे," त्या म्हणाल्या. "याच्या नियमाला हात लावू नका."

पुढे सविताबाईंनी दुकान करणच्या हाती दिलं आणि त्या सोमाटण्याला लेकीकडे राहायला गेल्या. मागच्या थंडीत तिथेच वारल्या. मॅडम निवृत्त झाल्या. करणच्या दुकानात लग्नपत्रिकांचे रंग त्याची बायको पिंकी निवडते. बाकी सगळं तो बघतो.

ते पुस्तक आता बाजारात मिळत नाही. मुलं झेरॉक्सवरून झेरॉक्स काढतात. अक्षरं पुसट झाली आहेत, कडा काळवंडल्या आहेत. तरी तिरकी ओळ तिरकीच दिसते, आणि मुलं तिच्यावर बोट ठेवून समजावणी वाचतात.