जर्मन आजीबाई

"आजी, 'या' न्हाई. 'नाइन' म्हण," कोमल म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पुसेगावच्या ओसरीत मनकर्णाबाई जर्मन पेशंट होऊन खाटेवर पडल्या होत्या. नात नर्सिंग शिकलेली. परवा तिची जर्मन भाषेची परीक्षा. पास झाली तर थेट तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरी, नापास झाली तर वसमतच्या दवाखान्यात आहेच रोजचं सलाईन लावणं. तिकडं म्हणे म्हातारे उदंड झालेत, अन् त्यांचं करायला माणूस मिळेना. म्हणून इथल्या पोरी बोलावतात. पुसेगावात तरी वेगळं काय होतं? तरणीताठी सगळी पुण्याला, पारावर उरले नुसते काठीवाले. पण पुसेगावचा व्हिसा काढून कोण येतंय!

'जर्मन' म्हटलं की मनकर्णाबाईंना आधी चुलीवरचं ॲल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं, पातेलंच आठवायचं. पण म्हातारी भलती हुशार. सकाळच्या नमस्काराचं 'गूटन मॉर्गन' पाठ, आभाराचं 'डांके' पाठ. 'या' म्हणजे व्हय अन् 'नाइन' म्हणजे न्हाई, हे कोमलनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गाडं अडायचं ते एकाच प्रश्नावर. 'हाबन झी श्मेर्त्सन?' म्हणजे, तुम्हाला कुठं दुखतंय का? पुस्तकातली म्हातारी ठणठणीत होती, ती 'नाइन' म्हणायची. मनकर्णाबाई मात्र दर वेळी, दारात पाहुणे आल्यागत, 'या' म्हणायच्या.

त्या 'या' म्हणाल्या की कोमलचं पुढचं वाक्य हुकलंच. तिचा बाप विश्वंभर पुण्याहून फोनवर हे ऐकायचा आणि पोट धरून हसायचा. आई, तू पोरीला नापास करून ठेवशील, म्हणायचा. मनकर्णाबाईही हसायच्या. घरात हसणं ऐकू आलं की त्यांना बरं वाटायचं.

आज मात्र कोमल कावली. परीक्षा तोंडावर आलेली, आणि आजीचं आपलं तेच. तिनं पुस्तक मिटलं. आजीजवळ बसली आणि लहान लेकराला सांगावं तसं सांगू लागली.

"किती सोपं हाय, आजी. मी इचारते, कुठं दुखतंय का. तू म्हणायचं, न्हाई. एवढं काहून चुकून राहिली?"

मनकर्णाबाईंनी लुगडं जरा वर सरकवलं. गुडघा सुजून टम्म झाला होता.

"चुकत न्हाई, माय. तू इचारलं म्हणून खरं तेच सांगून राहिले. मराठीत कोणी इचारलंच न्हाई."