धडधाकट हाताला प्लास्टर

"डावा हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले.

"हात धडधाकट आहे माझा," शेवंता खेकसली.

"दुसऱ्या फेरीत मोडला असता. तुम्ही हरणार, अशी यंत्र सत्त्याण्णव टक्के खात्री देतंय. पंचाण्णवच्या वर गेलं की झुंज होत नाही, ठाऊक आहे ना? हरणाऱ्याची दुखापत मात्र नियमाप्रमाणे बांधायची. सहा महिने घरी."

सकाळी मुष्टियोद्ध्यांची वजनं झाली आणि यंत्राने संध्याकाळच्या सातही झुंजींचे निकाल सांगून टाकले. बाहेर बाकावर हरलेले खेळाडू न फुटलेल्या नाकांवर पट्ट्या लावून गुमान बसले होते. त्यांना बघून शेवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं घाम गाळला तो यासाठी?

प्लास्टर वाळत आलं, तेवढ्यात तिची प्रतिस्पर्धी रुबिना विजेतीचा पट्टा खांद्यावर टाकून आत आली.

"छान लढलात, ताई!"

"कधी गं?"

रुबिना हसली. "यंत्र म्हणालं, तुमचा एकही ठोसा मला लागला नाही."

शेवंताने प्लास्टरचा हात उचलला आणि तिच्या नाकावर हाणला. रुबिना मटकन खाली बसली.

"हे उरलेले तीन टक्के," शेवंता म्हणाली. "डॉक्टर, हिचं नाक बांधा. ते खरंच मोडलंय."