हसण्याखालची ओळ

"क्लिप आली, पण खालच्या ओळी गेल्या की हो," वृंदा म्हणाली.

स्टुडिओवाल्याला नवल वाटलं. तिने क्लिप कापून घ्यायला आणलेली डीव्हीडी घरच्या बारशाची, सगळे मराठीच बोलणारे. मग सबटायटल्स कशाला?

"आईला ऐकू येत नाही. बाबा होते तेव्हा तिच्यासाठी त्यांनीच एकेक ओळ टाइप केली."

या वेळी त्याने सबटायटल्सचा ट्रॅक सोबत घेऊनच क्लिप कापली आणि तिच्यासमोर लावून बघितली. बायका पाळणा म्हणत होत्या, खाली त्याचे शब्द येत होते. मग गाणं थांबलं. पाळण्याची दोरी धरलेली वृंदाची आई बाळाकडे बघून एकटीच मोठमोठ्याने हसत होती.

"इथे कुणी बोलत नाही. एवढं उडवू?" त्याने विचारलं.

तेवढ्यात खाली ओळ उमटली: "ही तू हसते आहेस. ऐकायला फार गोड वाटतं."