कॅमेऱ्याशेजारची गादी

“परत आला, बाई,” ध्वनिमुद्रक निशिवाकी कानांवरचे हेडफोन काढत म्हणाला. “शॉट संपता संपता. पुरुषाचा आवाज. ‘पुन्हा’ म्हणतो.”

ही नववी खेप.

क्योतोच्या त्या स्टुडिओत चौदा माणसं होती, आणि ‘पुन्हा’ त्यांच्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं. शिझुए कॅमेऱ्याशेजारी उभी होती. सकाळपासून उभीच होती. वीस वर्षं ती कॅमेऱ्यासमोर हसली, रडली, मेलीसुद्धा. दिग्दर्शक म्हणून कॅमेऱ्याच्या अलीकडे आजच आली होती. मालकांनी साफ सांगितलं होतं, पाचपर्यंत हा प्रसंग पुरा झाला नाही तर उद्यापासून चित्रपट दुसऱ्याच्या हाती. दुसरा म्हणजे पुरुष, हे वेगळं सांगायला नको. घड्याळात सव्वाचार झाले होते.

प्रसंग एवढासाच. सासर सोडून निघालेली सून उंबऱ्यावर थांबते आणि एकदा मागे वळून बघते. सुनेचं काम करणारी नवी मुलगी, सायोको, वळत होतीही छान.

“माझं काही चुकतंय का, ताई?”

“तुझं काही चुकत नाही गं.”

“मग पुन्हा पुन्हा कोण म्हणतंय?”

“ज्यांना सवय होती तेच, दुसरं कोण!” वर मचाणावरून दिवेवाला ओरडला. एकदोघं हसले, आणि हसू अर्ध्यावरच गिळून बसले.

कारण सगळ्यांची नजर एव्हाना गादीकडे गेली होती. निळी, कापसाची, मधे दबलेली. ओगातागुरुजी तिच्यावर बसूनच सव्वीस वर्षं चित्रपट काढत होते. गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले, तरी मंडळी रोज सकाळी ती झटकून कॅमेऱ्याशेजारी मांडत. तिच्यावर बसायची छाती कुणाची होणार? आज सकाळी शिझुएनंही तिला वाकून नमस्कार केला होता आणि शेजारी उभी राहिली होती.

गुरुजींनी जन्मात कुणाला ‘छान’ म्हटलं नाही. ‘पुन्हा’ म्हणत. एकदा अशाच एका उंबऱ्यावर त्यांनी शिझुएला एक्केचाळीस वेळा वळायला लावलं होतं. रात्री तिला मान हलवता येईना. मनासारखं झालं की ते नुसते उठत. उठताना दोन्ही गुडघे कट्कन वाजत. तो आवाज आला की कॅमेरामन कुरामोची कॅमेरा बंद करी.

“कुरामोचीकाका, मी ‘झालं’ म्हटलं की कॅमेरा थांबवायचा. तुम्ही वाट कसली बघता?”

म्हातारा ओशाळला. “कळतं गं पोरी. हात ऐकत नाही. इतकी वर्षं त्या गुडघ्यांवरच चाललाय तो.”

दहाव्या खेपेला निशिवाकीनं हेडफोन काढले. नुसती मान हलवली. सायोको उंबऱ्यावरच मटकन खाली बसली.

“मी नाही आता वळणार. ताई, मी तुमच्याकडे बघते ना, तेव्हा तुमच्या बाजूला...”

पाच वाजायला वीस मिनिटं होती.

“उचलून बाहेर ठेवू का ती गादी?” निशिवाकीनं हळूच विचारलं.

“नको.” शिझुए खाली बसली आणि तिनं गादीवर तळहात टेकवला. गादी गरम होती. सकाळपासून तिला कुणी शिवलं नव्हतं.

हात काढून घ्यावासा वाटला, पण तिनं काढला नाही. तिला वडील आठवले. ते गावच्या बुद्धमंदिरात गाऊन प्रवचन करीत; लोक डोळे पुसत ऐकत. त्यांच्या आधी एखादा मोठा प्रवचनकार बसून गेला, की लहानग्या शिझुएनं पुढे होऊन आसनाची गादी उलटी करायची, ही तिथली रीत होती. वडील म्हणत, “त्यांची ऊब त्यांच्याबरोबर जाऊ दे गं. नाहीतर गाईन मी, आणि लोकांना तेच ऐकू येतील.”

इथं हिवाळ्यापासून सगळ्यांनी गादी झटकली होती. उलटी कुणीच केली नव्हती.

शिझुएनं जमिनीला कपाळ टेकवलं.

“गुरुजी, तुमचं प्रवचन झालं. फार गोड झालं. आता मला बसू द्या.”

तिनं गादीची दोन टोकं धरली. कापसाची गादी, पण उलटताना दोन्ही हातांचा जोर लागला. खालची बाजू नदीतल्या धोंड्यासारखी गार होती. शिझुए तिच्यावर बसली.

“सायोको, ऊठ, बाळ. एकदाच वळ. माझ्याकडे बघ, दुसरीकडे कुठं बघू नकोस.”

सायोको उठली. उंबऱ्याशी गेली, थांबली, वळली. तिचे डोळे शिझुएवर आले आणि तिथेच राहिले. त्याच वेळी शिझुएच्या जिभेवर एक शब्द आला. तिनं तो आणला नव्हता. जाडसर, पुरुषी, ओळखीचा. तिनं दात आवळून तो गिळला. घशातून गरम उतरत गेला.

“झालं,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता.

कुणी हललं नाही. निशिवाकी हेडफोन दाबून ऐकत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“‘पुन्हा’ नाही आलं,” तो म्हणाला. “शॉट स्वच्छ आहे. फक्त तुम्ही ‘झालं’ म्हटल्यावर गुडघे वाजले. बाई, तुम्ही उठलात का?”

शिझुए गादीवर बसलेलीच होती.

तिनं वळून बघितलं. कॅमेरा बंद होता, आणि कुरामोचीकाका दाराकडे तोंड करून, कमरेत वाकून नमस्कार करत उभे होते.