मोहगावचा सेंटर फॉरवर्ड

सत्काराची शाल खांद्यावर पडताच गुणवंतानं मान अशी काही ताठ केली, की समोर बायकांच्या खुर्च्यांत बसलेल्या शोभाबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी पदरात दाबलं. पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण या नवऱ्याची कीव करावी की किळस, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

सौंसरच्या मैदानावर फुटबॉल स्पर्धेचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे कामठीचे विजयबाबू, देशाकडून खेळलेले. आता सत्तरी ओलांडलेली आणि डाव्या गुडघ्याला पट्टा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत ‘मोहगावचा नामांकित सेंटर फॉरवर्ड’ म्हणून गुणवंता. सुटलेल्या बसमागेसुद्धा या माणसाला धावताना कोणी पाहिलं नव्हतं. आणि यंदापासून चषकाला त्याचंच नाव.

खरं काय ते मोहगावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. त्या काळी स्पर्धेत बाहेरचा खेळाडू चालत नसे. गुणवंताच्या बापाची संत्र्यांची गाडी नागपूरला माल उतरवायची आणि येताना कामठीहून पोरगेल्या विजयला घेऊन यायची. कागदावर नाव गुणवंताचं, मैदानात पाय विजयचे. तीन हिवाळे हे असं चाललं. सामन्याच्या दिवशी खरा गुणवंता बोरगावला मामाच्या घरी ज्वारीच्या पोत्यांमागे दडून बसायचा. चषक मोहगावला आला होता, मग तोंड कोण उघडणार?

शोभाबाईंचं माहेर याच मैदानाला लागून. गच्चीवरून सगळं दिसायचं. तो लुकडा, सावळा पोरगा डाव्या पायाशी चेंडू घेऊन निघाला की समोरचे दांडगे गडी नुसते इकडून तिकडे पळत राहायचे. लोक ओरडायचे, “गुणवंता! गुणवंता!” गच्चीवरून शोभाचा आवाज त्यांच्याही वर चढायचा, “गुणवंता, डाव्यानं!” एकदा तर गोल मारून झाल्यावर त्यानं मान वर करून सरळ गच्चीकडे पाहिलं होतं.

मग मोहगावच्या गुणवंताचं स्थळ आलं. मुलगी बघायला नुसते बाप आणि काका आले. शोभानं एका दमात हो म्हटलं. मांडवात अंतरपाट बाजूला झाला, तर पलीकडे हा उभा.

त्या दिवसापासून ते नाव तिच्या तोंडून निघालं नाही. बायका हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह करायच्या, की हिचं नेमकं डोकं दुखायला लागायचं. नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, किती मर्यादेची बाई, असं मोहगाव म्हणायचं. मोहगावला काय, काहीही पटायचं.

माईकवाल्या पोरानं विजयबाबूंना विचारलं, “बाबूजी, आमच्या सौंसरले याच्या आधी कधी येणं झालं का?”

शोभाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. या एका उत्तरासाठीच त्या आज आल्या होत्या. एकदा, एकदाच त्यानं म्हणावं, की हो, इथं मी खेळलो.

विजयबाबूंनी शेजारी शाल सावरणाऱ्या गुणवंताकडे पाहिलं. “नाही,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच आलो.”

गुणवंताचा जीव भांड्यात पडला. शोभाबाई मात्र खुर्चीत मागे टेकल्या. म्हणजे हाही त्यातलाच. एकानं नाव विकलं, दुसऱ्यानं पाय विकले, आणि दोघं शेजारी बसून हार घालून घेताहेत.

धीर आलेल्या गुणवंतानं माईक ओढून घेतला. “फायनल होती. मीनं बॉल घेतला, अन् ह्या उजव्या पायानं असा हाणला का गोलकीपर पाहतच राह्यला!” त्यानं उजव्या मांडीवर थाप मारली. टाळ्या पडल्या.

उजव्या! शोभाबाई चरफडल्या. मेल्याला चोरीसुद्धा धड करता येत नव्हती.

मग पाहुण्यांना चेंडूला पहिली लाथ मारायला मैदानाच्या मध्यावर नेलं. गुणवंताही सोबत निघाला. फोटोवाले समोर उकिडवे बसले. विजयबाबूंनी पट्ट्याचा डावा पाय जपून मागे ठेवला आणि चेंडूला नुसता लावायला म्हणून उजवा उचलला.

शोभाबाई उभ्या राहिल्या.

“गुणवंता!” आवाज मैदानभर घुमला. “डाव्यानं!”

आजूबाजूच्या बायका वळून पाहायला लागल्या. सून सुचितानं कपाळाला हात लावला. गुणवंता दचकून वळला, आणि लोक हसताना पाहून त्यानंही उगाच हात हलवला.

विजयबाबू वळले नाहीत. उचललेला उजवा पाय खाली आला आणि पट्ट्याचा डावा फिरला. चेंडू बसलेल्या फोटोवाल्यांच्या डोक्यावरून सणसणत गेला. विजयबाबू गुडघा धरून वाकले. कोणी आधाराला आलं, त्याचा हात त्यांनी दूर केला. मग हळूहळू सरळ होऊन त्यांनी मान वर केली आणि मैदानापलीकडच्या गच्च्या एकेक करून बघायला लागले.

गुणवंता शाल आवरत तणतणत बायकोपाशी आला.

“येडी झाली का वं? चारचौघात नवऱ्याचं नाव घेऊन राहिली!”

शोभाबाईंनी मैदानावरची नजर काढली नाही.

“तुमचं कायले घेईन मी?” त्या म्हणाल्या.