उंबऱ्यावरचा माणूस

पडद्यावर यान उडालं तेव्हा तंबूत शिट्ट्या झाल्या. मग तासभर त्या यानातला माणूस नुसता खिडकीबाहेरचा काळोख बघत राहिला, तशी लोकांनी अण्णारावच्या नावानं खडे फोडायला सुरुवात केली.

परदेशी पिक्चर मराठीत समजावून सांगायला तंबूवाल्यानं अण्णारावला सोलापूरहून सांगोल्याच्या या माळावर आणलं होतं. त्या भाषेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. माइक हाती आला की तो खुशाल ठोकून द्यायचा.

पुढंच केराबाई बसली होती. शेजारी तिचा भाऊ धुळा, पायाशी गाठोडं. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली होती. मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, येडूचा, वर्षभर पत्ता नव्हता. खेळ सुटला की धुळा तिला ट्रकनं आपल्याकडं नेणार होता. तिकीट काढताना त्यानंच हे अण्णारावला सांगितलं होतं.

यान परतलं. माणूस म्हातारा झाला होता. तो आपल्या घराच्या दारात येऊन उभा राहिला. दार उघडं, आत कोणी नाही. चित्र हलेचना.

"घर रिकामं आहे," अण्णाराव म्हणाला. "फार उशीर झाला, मंडळी."

केराबाई उठून उभी राहिली. "रिकामं? मग बायकू कुटं गेली त्याची?"

तिचा चेहरा अण्णारावला बघवेना. त्यानं पटकन ठोकून दिलं, "आहे की, बाई. पाण्याला गेलीय. येईलच आता."

पाण्याला गेलेल्या बाईला किती वेळ लागतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा उंबऱ्यावर टेकला. शिट्टी मारायचं कोणाला सुचलं नाही, सगळेच तिची वाट बघत बसले. ती आली नाही. पडदा पांढरा झाला.

धुळानं गाठोडं उचललं. "चल, ट्रक सुटंल."

"मी न्हाय येत. त्यो दारात आला तर?"

"अगं, खानार काय हितं? माती?" धुळा रडकुंडीला आला. हात जोडून अण्णारावकडं वळला. "सांगा की हिला. तुमच्याच त्वांडानं सांगा."

अण्णारावनं माइक खाली ठेवला. "बाई, मी मनाचंच सांगितलं. मला ती भाषा कळत नाही. भावाबरोबर जा."

केराबाईनं धुळाच्या हातातून गाठोडं काढून घेतलं.

"तुमाला न्हाय कळली," ती म्हणाली. "मला कळली की."